स्केअरक्रो स्टाइल शिकतोय, हात लटकतात पण बुजगावणं काही दिसत नाही

चौथा_काउंट

मंडळी, पॉपिंगचं (स्नायू झटक्यात आकसून बीटवर नाचायचा प्रकार) बेसिक बऱ्यापैकी झालंय, म्हणजे हिट (तो झटका) बसतात, फ्रेझ्नो (डावी-उजवीकडे वजन टाकत हिट), वॉकआउट, ट्विस्ट-ओ-फ्लेक्स ह्या स्टेप्स जमतात, वेव्ह (अंगातून लाट सरकवणं) ठीकठाक, डाइमस्टॉप (हलताना एकदम गोठून थांबणं) अजून कच्चा आहे पण चालतंय. आता कॅरेक्टरवाल्या स्टाइल शिकायच्या आहेत, रोबो, पपेट, टॉयमॅन, स्केअरक्रो ह्या लायनीतल्या, आणि सुरुवात स्केअरक्रो म्हणजे बुजगावण्यापासून केलीये कारण मला तीच सगळ्यात जास्त आवडते. अडचण अशी की व्हिडिओ काढून बघितला की नुसता हात आडवे करून उभा असलेला माणूस दिसतो. कोपर खांद्याच्या रेषेत आहे, पंजे सैल सोडलेत, मान एका बाजूला टाकलीये, चेहऱ्यावर तो बावळट भाव पण आणलाय, तरी नाही म्हणजे नाहीच. मित्राला दाखवला तर म्हणे शिंप्याकडे माप द्यायला उभा राहिलायस का.

तर नक्की चुकतंय कुठे? आणि आधी रोबो शिकून मग ह्याकडे यावं का, कोणत्या गाण्यावर करावं, आणि मुळात गवताच्या माणसाने हिट मारायचा कसा, कारण हिट मारला की सैलपणा जातो आणि सैल राहिलं की हिट जातो. जे सुचेल ते सांगा, फक्त 'प्रॅक्टिस कर' सोडून.

कावळा

आधी तो बावळट भाव काढा. बाकीचं नंतर.

बूगालू_काका

भावाचं राहू दे रे कावळ्या, मूळ दुखणं वेगळंय.

चौथा, तुम्ही आकार उचललाय. आकार फोटोत ओळखू येतो, पण कॅरेक्टर हलायला लागल्यावर कळतं आणि तेव्हा बघणाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, ह्याला हलवतंय कोण? रोबोमध्ये प्रत्येक सांध्यात मोटर आहे, म्हणून तो एका वेगात निघतो, त्याच वेगात जातो आणि कचकन थांबतो, मध्ये कुठे वेग वाढत नाही की मंदावत नाही. पपेटला वरून दोरी आहे, म्हणून मनगट आधी उचललं जातं आणि कोपर मागाहून येतं, गुडघा वर जातो आणि पाऊल खाली नुसतं लोंबतं, आणि टाच कधी पूर्ण वजनाने टेकतच नाही. टॉयमॅन म्हणजे जी.आय. जोसारखी खेळण्यातली बाहुली, तिला सांधेच मोजके, कोपर एकतर सरळ नाहीतर काटकोनात, मधलं काही नाही. अ‍ॅनिमेशनवाले रे हॅरीहाउझेनच्या स्टॉप-मोशन राक्षसांवरून आले, १९५८ चा तो सिंदबादचा सिनेमा वगैरे, तिथे बाहेरचा कोणीतरी हात दर फ्रेमला पुतळा जरासा सरकवतोय, म्हणून ती थरथर.

आता बुजगावणं. पाठीतून एक खांब, खांद्यातून एक आडवी काठी, बाकी सगळं गवत आणि जुने कपडे. स्वतःची ताकद शून्य. काठी जेवढं धरेल तेवढंच धरलेलं, उरलेलं खाली पडणार, वारा आला तर हलणार आणि वारा गेला तरी जरा वेळ हलतच राहणार. तुम्ही तुमचे हात *धरलेत*, शेवटच्या बोटापर्यंत धरलेत, आणि पंजा तेवढा सैल सोडलाय. लोकांना ते लगेच दिसतं, का दिसतं ते सांगता येत नाही इतकंच.

एक करून बघा. मित्राला मागे उभं करा, त्याच्या दोन तळहातांवर तुमची कोपरं टेकवा आणि हाताचं सगळं वजन त्याच्यावर सोडा. मग त्याला सांगा न सांगता एक हात काढून घे. तुमचा हात दगडासारखा खाली पडला तर सैल होता. हवेत तसाच राहिला तर तुम्ही धरून बसला होतात. बहुतेकांचा हवेत राहतो, अगदी चांगल्या पॉपर्सचा सुद्धा, कारण आपल्याला इतकी वर्षं कंट्रोलचंच शिक्षण मिळालेलं असतं. आधी सगळं पाडायला शिका, मग फक्त खांद्यापासून कोपरापर्यंतचं धरायला शिका आणि त्याच्या पुढे काहीही धरू नका. सगळी स्टाइल त्या एका सीमेवर उभी आहे.

वायरफ्रेम

काकांशी सहमत, पण माझं मत असं की रोबो आधी. स्केअरक्रो सैल आहे असं वाटतं पण त्यातला जो घट्ट भाग आहे ना, खांदा-छाती-मान, तो इतका निश्चल लागतो की डाइमस्टॉप कच्चा असेल तर तो डुलतो, आणि काठी डुलली की सगळा माणूस डुलतो आणि मग ते दारुड्याचं सोंग होतं. ह्या दोन कॅरेक्टरांमधला फरक काय तर दारुड्याचा मधला भाग पण सैल असतो. धागाकर्त्याने स्वतःच लिहिलंय डाइमस्टॉप कच्चा आहे, मग उत्तर तिथेच आहे.

बाकी पाचही कॅरेक्टर्सचं काकांनी मस्त मांडलंय. वाचनखूण साठवली.

चौथा_काउंट

काका, तुमची टेस्ट केली. हात हवेतच राहिला :) मित्र हसून हसून वेडा झाला. उलट्या बाजूने पण केलं, मी सैल सोडायचं ठरवलं की पूर्ण हातच खांद्यातून खाली येतो, अर्धा धरणं अर्धा सोडणं हे होतच नाहीये. आणि खांद्याच्या वरच्या बाजूला थोड्या वेळाने चिमटा काढल्यासारखं दुखतं, ते स्नायू थकल्याचं दुखणं नाही वाटत. कोणाला अनुभव?

सांधेजोड

चिमटा आला की थांबा, त्यातून रेटू नका. मी फिजिओ आहे आणि हौशी पॉपर पण, म्हणून ह्या पोझिशनबद्दल जरा सविस्तर लिहिते.

हात बाजूला ९० अंशात, कोपर खांद्याच्या रेषेत आणि कोपराखालचा हात सरळ उभा खाली लटकलेला, ही जी तुमची पोझ आहे ती खांद्याला पूर्ण आत फिरवायला लावते. हात बाजूला काढून कोपर काटकोनात वाकवा, पंजा समोर जाईल आणि फोरआर्म (कोपर ते मनगट) जमिनीला समांतर राहील असं धरा, हे शून्य समजा. इथून फोरआर्म खाली आणत जाणं म्हणजे खांद्याचं आतलं रोटेशन. सर्वसाधारण माणसाला ते साधारण ७० अंशांपर्यंत मिळतं. उभा खाली लटकायला लागतात ९०. उरलेले २० शरीर चोरी करून आणतं, खांदा पुढे ढकलतं, पाठीवरचं पातं उचकटतं, मान आत जाते. वर हात उचललेला आणि आत फिरवलेला असला की खांद्याच्या वरच्या हाडाखाली जी जागा असते ती अरुंद होते आणि तिथले टेंडन चेपतात, चिमटा तिथूनच येतोय.

उपाय सोपा आहे. कोपरं अगदी बाजूला न ठेवता साधारण ३० अंश पुढे आणा, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून दोन्ही कोपरं दिसतील इतकी, आणि खांद्याच्या रेषेपेक्षा दोन-तीन बोटं खाली ठेवा. समोरून बघणाऱ्याला हात तरी आडवेच दिसतात, उलट खांदे कानाला लागत नाहीत म्हणून मान लांब दिसते. शिवाय फोरआर्म अगदी उभा हवाच असं कुठे आहे, गवत तिरकं पण लटकतं.

आणखी एक. फोरआर्म दोन तऱ्हेने झुलतो. डावी-उजवीकडे झुलला तर ती कोपराची हालचाल, बिजागरीसारखी. पुढे-मागे झुलला तर ती कोपराची हालचालच नव्हे, अख्खं दंडाचं हाड खांद्यात फिरतंय. म्हणून पुढे-मागे झुलवायला गेलात की खांदा जागा होतो आणि काठी हलते. तुम्हाला 'अर्धा धरणं अर्धा सोडणं' जमत नाहीये त्याचं एक कारण हे असू शकतं. सध्या फक्त डावी-उजवीकडे झुलवा.

आणि सलग धरून ठेवू नका, आठ काउंट करा, हात खाली टाका, परत.

कावळा

म्हणजे बुजगावण्याला पण फिजिओ लागतो.

दीड_मात्रा

सांधेजोडताईंचा प्रतिसाद वाचून हात शिवशिवले म्हणून ढोबळ हिशोब केला, डान्स मला फारसा येत नाही, ढोलकी वाजवतो.

कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत धरा ४५ सेंटीमीटर. एका टोकाला टांगलेली तेवढी काठी मोकळी सोडली तर एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन परत यायला, साधारण १.१ सेकंद लागतो. खरा हात काठी नाही, कोपराकडे जाड मनगटाकडे बारीक, आणि स्नायू थोडे आवरतातच, पण एक सेकंदाच्या आसपास पकडा. आता तुमचं फंक गाणं ११० बीपीएमचं (मिनिटाला ११० बीट) असेल तर एक बीट ०.५५ सेकंदाची आणि दोन बीट १.०९. म्हणजे दुसऱ्या काउंटच्या स्नेअरला (ड्रमच्या ठोक्याला) हात सोडला तर तो आपोआप चौथ्याच्या स्नेअरला परत जागेवर येतोय! काही न करता! मला तर हे बघून भारी वाटलं, ही स्टाइल ह्याच टेम्पोच्या गाण्यांवर का शोभते ते कळलं.

पंजा वेगळा धरला, १८ सेंटीमीटर वगैरे, तर त्याचा झोका ०.७ सेकंदाचा पडतो. म्हणजे मनगट खरोखर सैल असेल तर पंजा आणि फोरआर्म एकत्र झुलूच शकत नाहीत, पंजा घाई करणार. ज्यांचा पंजा फोरआर्मच्या बरोबरीने सरळ रेषेत झुलतो त्यांनी मनगट धरलेलं असतं, व्हिडिओत हे तपासायला सोपं आहे.

बूगालू_काका

दीड मात्रा, तुम्ही पाय धरायच्या लायकीचे आहात. इतकी वर्षं आम्ही 'हाताला त्याचा वेळ घेऊ दे' एवढंच सांगत आलो.

आणि ह्यातूनच गाण्याचं उत्तर निघतं. १०० ते ११५ बीपीएममधलं जाड बेसचं फंक घ्या, झॅप बँडचं १९८० चं ते 'मोअर बाउन्स टू द आउन्स' तर आहेच, पॉपिंग शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यावर नाचतोच. फास्ट गाणं लागलं तर झोका पूर्ण करायचा नाही, अर्ध्यात परत हिट देऊन उलटवायचा. हात ढकलून बीटवर पोचवायला गेलात की मोटर आली, आणि मोटर आली की रोबो.

फंकी_मावशी

मस्त धागा. पण स्केअरक्रो मायकल जॅक्सनपासून आलं ना? 'द विझ'मध्ये तो बुजगावणंच होता की.

बूगालू_काका

नाही मावशी. 'द विझ' १९७८ चा. पॉपिंगमधल्या स्केअरक्रोचं श्रेय बहुतेक सगळे जण बूगालू सॅमला देतात, कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोचा, ज्याने १९७७ मध्ये इलेक्ट्रॉनिक बूगालू लॉकर्स नावाचा ग्रुप काढला आणि पुढे लाँग बीचला गेल्यावर तेच इलेक्ट्रिक बूगालूज म्हणून गाजले. त्याचं बुजगावणं आलं १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधून, रे बोल्जरने केलेलं. बोल्जर मूळचा व्हॉडव्हिलचा (अमेरिकेतले जुने रंगमंचावरचे करमणुकीचे कार्यक्रम) नाचणारा, लांब पायांचा आणि त्याची खासियतच ती होती, पाय आपले नाहीतच असं नाचायचं. त्या सिनेमात त्याचा नाच बराच कापला होता, तो लांबलचक तुकडा पुढे १९८५ च्या 'दॅट्स डान्सिंग!'मध्ये लोकांनी पाहिला. चौथा, शिकवण्या बघण्याआधी तो बघा आणि आवाज बंद करून बघा. खांबावरून उतरवल्यावर त्याची पहिली पावलं कशी पडतात ते. त्यात पॉपिंग अजिबात नाही, हिट नाही, पण वजन कुठे आहे ते सगळं त्यात आहे.

वायरफ्रेम

काका नेहमीप्रमाणे सगळं फ्रेझ्नोच्या खात्यावर टाकून मोकळे. ओकलंडचं बूगालू, रिचमंडचं रोबोटिंग, सॅन फ्रान्सिस्कोचं स्ट्रटिंग हे कॅलिफोर्नियातले नाच, हे सगळं इलेक्ट्रिक बूगालूज टीव्हीवर यायच्या आधीपासून चालू होतं, ओकलंडचे ब्लॅक मेसेंजर्ससारखे ग्रुप होते, आणि तिकडच्या जुन्या लोकांना आपल्या नाचाला सरसकट पॉपिंग म्हटलेलं आजही आवडत नाही. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये रॉबर्ट शील्ड्स नावाचा माइम (मूकाभिनय) करणारा रस्त्यावर रोबो करायचा, पुढे त्याचा आणि यार्नेलचा टीव्ही शो पण आला १९७७ मध्ये. यांत्रिक कॅरेक्टर करणं ही एका घरातून निघालेली गोष्ट नाही.

बूगालू_काका

मी स्केअरक्रोबद्दल बोललो, रोबोटिंगबद्दल नाही. नीट वाचत जा.

वायरफ्रेम

नीटच वाचलं. 'बहुतेक सगळे जण' म्हणजे कोण, तेवढं सांगा.

फंकी_मावशी

मी उगीच विचारलं का :) अहो भांडायला वेगळा धागा काढा, इथे त्या मुलाचे हात दुखतायत.

चौथा_काउंट

नाही नाही मावशी, इतिहास पण चालेल, मला काहीच माहीत नव्हतं ह्यातलं.

अपडेट. कोपरं पुढे घेतली, चिमटा गेला. ताईंचे आभार. डावी-उजवीकडे झोका आता बराच मोकळा येतोय, पंजा पण उशिरा-लवकर होतोय तसा, आणि काठीपुरतं धरणं ह्यासाठी मी एक जुगाड केला, भिंतीला पाठ लावून दंड भिंतीला टेकवले, आता दंड हलला की भिंतीला घासल्याचं कळतं. ताईंनी सांगितलेले ३० अंश भिंतीत मिळत नाहीत म्हणून कोपरं जरा खाली ठेवून करतो आणि थोडाच वेळ. पण हिटचा प्रश्न तसाच आहे. दंडात हिट मारला की फोरआर्म उडतो.

सांधेजोड

उडणारच. दंडाच्या मागचा स्नायू कोपर सरळ करतो, तो आकसला की फोरआर्मला झटका बसणार. पुढचा आणि मागचा दोन्ही एकदम आकसले तर कोपर जागेवर गोठतं, म्हणजे नेहमीच्या हिटमध्ये आपण तेच करतो, पण मग लटकणं संपलं. दंड सोडून हिट वर घ्या. खांद्याची टोपी, छाती, पाठीचा वरचा भाग, मान.

भिंतीचा जुगाड चांगला आहे पण खांदे भिंतीला दाबू नका.

वायरफ्रेम

मी उलट म्हणेन. दंडातच मारा आणि फोरआर्म उडू द्या. काठीला कोणीतरी बाहेरून ठोसा दिला तर काय होईल? काठी जागेवर राहील आणि तिला टांगलेलं सगळं लटलटेल. हिट म्हणजे तो ठोसा. हिटनंतर जी लटलट होते ना, दोन-तीन छोटे झोके कमी कमी होत जाणारे, त्यात तर सगळी मजा आहे, नेहमीच्या पॉपिंगमध्ये ती आपण मारून टाकतो. छातीत हिट घेतला तर हात इतका शांत राहतो की वाटतं बुजगावण्याला उचकी लागली.

सांधेजोड

उचकी :) पण दंडात मारून उडू दिलेला आणि दंडात मारताना चुकून उडालेला ह्यात बघणाऱ्याला फरक दिसतो. चुकून उडालेला बीटनंतर येतो आणि दिशा दर वेळी वेगळी असते. नवख्याने आधी छातीतला स्वच्छ करावा असं मला वाटतं.

बूगालू_काका

दोन्ही करतात लोक. मी पायात घेतो. गुडघे मागे मारून मांडीत हिट दिला की धक्का खांबातून वर जातो आणि हाताला आपोआप पोचतो, दंडाला काही करावंच लागत नाही. हिट खालून आला की लटलट पण खरी येते कारण तुम्ही हाताला हात लावलेलाच नाही. पण त्यासाठी मांडीचा हिट जोरदार पाहिजे, बहुतेकांचा मांडीतला हिट म्हणजे नुसतं गुडघा हलवणं असतं.

दीड_मात्रा

काकांच्या पद्धतीत हाताचा झटका हिटच्या किंचित नंतर दिसणार, बरोबर ना? तबल्यात थाप पडल्यावर आस राहते तशी ती... जाऊ दे, विषयांतर होतंय.

फंकी_मावशी

पायांचं कोणीच बोलत नाहीये. माझ्या मते अर्धं बुजगावणं पायात असतं. चौथा, तुझ्या वर्णनात हात, पंजे, मान, चेहरा सगळं आलं आणि पायांचा उल्लेखच नाही, तू बहुतेक दोन पायांवर नीट समान वजन देऊन उभा असशील. तसा माणूसच उभा राहतो.

आमच्या ग्रुपमध्ये शिकवताना सांगतात की ज्या पायाचा गुडघा कोसळतोय असं लोकांना दाखवायचं त्या पायावर वजन ठेवायचंच नाही. सगळं वजन दुसऱ्या पायावर, तो गुडघा किंचित वाकलेला आणि चुपचाप, आणि हा रिकामा पाय आत वळतो, गुडघा आत पडतो, टाच बाहेर जाते, पाऊल कडेवर लोळतं. मग बेसच्या एका ठोक्यात वजन इकडून तिकडे, आणि आता दुसरा कोसळतो. लोकांची नजर कोसळणाऱ्या पायावर असते म्हणून खरा उभा असलेला पाय कोणाला दिसतच नाही. हे एकदा जमलं की फ्रेझ्नोच करायचा फक्त, डावी-उजवीकडे, हात लटकते ठेवून, आणि लगेच कॅरेक्टर दिसायला लागतं, शप्पथ.

सांधेजोड

मावशींना दहा वेळा +१, आणि हे गुडघ्यासाठी पण महत्त्वाचं आहे. वजन असलेला गुडघा आत पाडून वर वळवला तर लिगामेंटवर येतं. रिकामा असेल तर कितीही लोळवा. वळताना पाऊल जमिनीला चिकटलेलं नको, टाच उचला आणि चवड्यावर फिरा.

कावळा

मी पण बोलू का जरा सिरियसली, कारण माझ्या 'भाव काढा'वर कोणी काही बोललंच नाही. चेहरा हा घट्ट भागात धरायचा का सैल भागात हे ठरवा. गवताच्या डोक्यावर भाव काढलेला असतो, रंगाने, तो बदलत नाही. तुम्ही एक भाव घेऊन उभे राहता आणि गाणं रंगात आलं की हसता, हिट चुकला की ओठ चावता, आणि तिथे माणूस दिसतो. मी नजर एका उंचीवर ठेवतो, साधारण समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे, आणि डोकं हललं तर डोळे त्याच्याबरोबर जातात, स्वतंत्र हलत नाहीत. डोळे आधी वळले आणि मग मान, म्हणजे बघणारा जिवंत प्राणी झाला. पपेटला पण हेच लागू.

बाकी ओठ चावायचा प्रॉब्लेम निम्म्या पॉपर्सना आहे, नावं घेत नाही.

वायरफ्रेम

हे कावळ्याने लिहिलंय यावर विश्वास बसत नाहीये. डोळ्यांचा मुद्दा एक नंबर.

चौथा_काउंट

मावशी, बरोबर ओळखलंत, दोन्ही पायांवर समान वजन. रिकामा पाय केला आणि पहिल्यांदाच व्हिडिओ बघून वाटलं की हां, काहीतरी आहे. हिट सध्या काकांसारखा मांडीतून घेतोय, लटलट येते, पण कधी डाव्या हाताची जास्त उजव्याची कमी. मला ते आवडतंय म्हणून तसंच ठेवलंय.

आता पुढचं. बॅटलमध्ये (दोन नाचणाऱ्यांची आळीपाळीने लढत) हे वापरायचं कसं? अख्खा राउंड बुजगावणं करावं की मध्ये थोडं? आमच्याकडे एक जण अख्खा राउंड रोबो करतो आणि जज कंटाळलेले दिसतात.

बूगालू_काका

अख्खा राउंड करू नका, किमान सुरुवातीला. कॅरेक्टरचं सगळं बळ त्याच्या नियमात असतं, काय हलू शकतं काय नाही, आणि तो नियम लोकांना दोन आठांमध्ये (आठ-आठ काउंटमध्ये) कळतो. कळल्यावर त्यांना बघायचं असतं की आता ह्या नियमात हा काय नवीन करतो. तुमच्याकडे त्या नियमात करायला चार गोष्टी असतील तर चार दाखवा आणि बाहेर या. बाहेर येण्याचं मात्र नक्की ठरवा, हळूहळू विसरत विसरत बाहेर पडतात ते फार वाईट दिसतं, आधी पाय माणसाचे होतात, मग मान, हात अजून लटकतायत. एका हिटवर काठी काढून टाका, हात खाली, संपलं, पुढचा नेहमीचा नाच सुरू.

वायरफ्रेम

इथे मी वेगळा आहे. फ्रान्सचा सलाह बघा, २००६ मध्ये तिकडचा टॅलेंट शोचा पहिला सीझन जिंकला तो, त्याच्या नाचात कॅरेक्टर एका स्टाइलमधून दुसरीत वाहत जातं आणि ते मुद्दाम विसरल्यासारखं असतं, त्यातच विनोद आहे. हळूहळू बाहेर येणं वाईट नाही, न ठरवता येणं वाईट. उदाहरणार्थ बुजगावण्याचा एकच हात हळूहळू माणसाचा होतोय आणि बाकीच्या शरीराला पत्ता नाही, हे किती छान होईल.

बूगालू_काका

सलाहला जमतं म्हणून सगळ्यांना जमेल असं नाही. पण एक हात माणसाचा, ही आयडिया मी चोरणार.

फंकी_मावशी

आज दोघांचं एकमत झालं, तारीख लिहून ठेवा.

चौथा, बॅटलसाठी अजून एक, आत जायचं कसं तेही ठरव. मी वेव्हने जाते. एक आर्म वेव्ह डाव्या बोटांपासून खांद्यापर्यंत आणते, ती खांद्यात अडते, पलीकडे जातच नाही, आणि तिथे काठी घुसते, खट, दुसरा हात वर. मग दोन्ही फोरआर्म एकाच वेळी खाली पडतात. सगळा खेळ एका काउंटचा आहे पण तिथे लोक ओरडतात.

चौथा_काउंट

वा! हे आजच ट्राय करतो. शेवटचा एक प्रश्न, बूट कोणते? माझे रबरी तळाचे आहेत, पाऊल कडेवर लोळवताना अडकतं, आणि गुडघ्याला झटका बसतो.

सांधेजोड

अडकत असतील तर ते नकोच. सपाट, गुळगुळीत तळाचे, टाच फार जाड नको. तोपर्यंत मोजे घालून लादीवर करा, पण मोज्यांवर मांडीचा हिट जोरात मारू नका, घसरायला होतं.

कावळा

आणि बाह्या लांब घ्या, मनगटाच्या पुढे येणाऱ्या. झोका मोठा दिसतो. ही फसवणूक आहे, पण बिनधास्त करा.

दीड_मात्रा

बाही लांब केली तर झोक्याचा हिशोब बदलणार, थांबा करून सांगतो.